तारांखालची झेंडी

हिंगणघाटच्या बाजारात रूपरावांचं कापडाचं दुकान होतं, आणि दर रविवारी दुपारी त्या दुकानाच्या गादीवर कुठलं ना कुठलं विमान पडायचं. कधी ते समुद्रात बुडायचं, कधी डोंगरावर आपटायचं, कधी धावपट्टीच्या अलीकडेच टेकायचं. पाडणारे तिघे. दुकानाचे मालक रूपराव, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले सदाशिवराव, आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रभाकरराव. तिघांपैकी एकानेही विमानात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. सदाशिवराव एकदा नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जाऊन कुंपणाला नाक लावून आले होते, आणि तेवढ्या जोरावर तिघांच्या या मंडळात त्यांना अनुभवी समजत.

वर्तमानपत्रात अपघाताची बातमी आली की तिघांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या जेवणाचं बोलावणं आल्यासारखा आनंद दिसायचा. मेलेल्यांची नावं ते वाचायचे नाहीत. त्यात शिकण्यासारखं काही नाही, असं प्रभाकररावांचं मत होतं. ते कारण शोधायचे. कारण शोधण्याची त्यांची एक रीत होती, तिला ते 'चालून पाहणं' म्हणत. दुकानामागच्या अंगणात खडूने धावपट्टी आखायची, पाट उलटा ठेवून डोंगर करायचा, आणि एकाने विमान व्हायचं. विमान झालेल्या माणसाने बोलायचं नाही, पायाखाली पाहायचं नाही. वैमानिकाला शेवटी जे दिसलं असेल त्यावर नजर रोखून चालत राहायचं, वळायचं तर त्या बाजूचा हात वर करायचा. बाकीच्यांनी मागून पाहून कुठे चुकलं ते ठरवायचं. विमान नेहमी प्रभाकररावच व्हायचे. पन्नाशीला आलेला, धोतर सोडून पाटलोणीवर गेलेला हा गृहस्थ मान ताठ करून अंगणात फिरू लागला की शेजारच्या आडतीवरचे हमाल बिड्या पेटवून तमाशा पाहायला बसत. प्रभाकररावांना त्याचं काही वाटत नसे. हमालांना काय कळतंय?

खरं तर कोणालाच काही कळत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. ते मूळचे जवळच्याच सेलूचे, पण दोन वर्षं पुण्यात शिकून आले आणि आल्याबरोबर घरची बोली जिभेवरून खरवडून टाकली. विद्यार्थी मठ्ठ, प्राचार्य त्याहून मठ्ठ, आणि खेड्यातली माणसं तर त्यांच्या हिशेबातच नसत. "यंत्र मूर्ख नसतं," ते चालून झाल्यावर घाम पुसत निकाल द्यायचे. "मूर्ख माणूस असतो. तो शोधा." आणि तो सापडायचाच. बहुधा वैमानिक, नाहीतर रात्रपाळीचा कोणी मिस्त्री. तो परदेशात मेलेला असल्यामुळे उलट उत्तर द्यायला येत नसे, हीच काय ती या विद्येतली मोठी सोय होती.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र विमान हिंगणघाटलाच आलं.

त्या वर्षी बोंडअळीने पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, उच्छाद मांडला आणि वरून फवारणी करायचं ठरलं. उत्तरेकडची कुठलीशी कंपनी आली. वणा नदीपलीकडच्या माळावर तिने मुरूम दाबून धावपट्टी केली आणि एक पिवळं, एका माणसाचं विमान उभं केलं. ते चालवायला कॅप्टन बेदी नावाचा उंच, हसरा सरदार होता. मंडळाला स्वर्ग दोन बोटं उरला. रोज सकाळी तिघे सायकली काढून शिवारात जायचे, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहायचे, आणि रूपरावांच्या दुर्बिणीतून पाळीपाळीने बेदीच्या चुका काढायचे. बेदीला हे माहीत नव्हतं. तो वरून जाताना त्यांना हात करायचा.

अशा फवारणीत वैमानिकाला वरून वावर म्हणजे नुसती हिरवी चादर दिसते. कुठला पट्टा झाला आणि कुठला राहिला हे कळावं म्हणून वावराच्या दोन टोकांना दोन माणसं बांबूला पांढरं कापड बांधून उभी करतात. विमानाने समोरच्या झेंडीवर नाक धरून यायचं, औषध सोडत तिच्या डोक्यावरून निघून जायचं. लगेच झेंडीवाल्याने चार पावलं बाजूला सरकून पुन्हा झेंडी धरायची. एवढंच काम. गावातला लहानू हा असा एक झेंडीवाला होता. औषधाच्या फवाऱ्यात उभा राहून त्याचे डोळे लाल झालेले असत आणि अंगाला असा उग्र वास येई की गाईसुद्धा त्याच्यापासून दूर सरत. प्रभाकरराव त्याला 'आपला खांब' म्हणायचे.

पोळा होऊन गेला होता. पावसाने उघडीप दिली होती आणि वारा पडलेला होता, म्हणजे फवारणीला अगदी हवी तशी सकाळ. वावर चांगलं लांबलचक होतं. पश्चिमेच्या धुऱ्यावर मंडळ उभं. पूर्वेच्या टोकाला एक जुनी बाभूळ, तिच्यापाशी लहानू. बाभळीच्या उजव्या अंगाला, बऱ्याच अंतरावर, विजेच्या मोठ्या तारा वावराचा कोपरा कापून पलीकडच्या ज्वारीवरून जात होत्या. त्या कोपऱ्यात विमानाने जायचंच नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बेदीला तर नक्कीच होतं.

दुर्बीण प्रभाकररावांकडे होती. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि खाली उतरून पऱ्हाटीच्या शेंड्यांलगत आलं. त्यानंतर ते बाभळीकडे जायचं सोडून हळूच उजवीकडे कललं. घाई नाही, गोंधळ नाही. रस्ता ओळखीचा असल्यासारखं ते सरळ तारांकडे गेलं. आधी ठिणगी दिसली, मग आवाज आला, मग ज्वारीतून धूर वर आला. तिघे धावले तेव्हा बेदी संपलेला होता.

पुढच्या रविवारी दुकानात चहा आला, पण सदाशिवरावांनी कप उचलला नाही.

"एक सांगतो," रूपराव म्हणाले. "आदल्या दिवशी टपरीवर कॅप्टन भेटला होता मले. म्हणे, आपके झंडीवालों में वो तारवाला लडका सबसे सीधा खडा रहता है, हिलता भी नहीं. मी म्हटलं, कोणता तारवाला? दोनच तं आहेत. तो हसला नुसता. त्याले वाटलं मी गंमत करून राह्यलो."

"सरदार सकाळपासून प्यायलेला असेल," प्रभाकरराव म्हणाले.

"नाई हो. चहाच पीत होता."

"मग त्याला मोजता येत नसेल. तुम्ही गोष्ट कशाला फुगवता? लहानू त्या दिवशी बाभळीजवळून भरकटून तारांखाली गेला. विमान झेंडीवर आलं. यंत्राचा दोष नाही, वैमानिकाचाही नाही म्हणा हवं तर. मूर्ख सापडला."

कंपनीचा मॅनेजरही तेच म्हणत होता आणि पोलिसांनी लहानूला तेच म्हणून धरलं होतं. निष्काळजीपणामुळे माणूस मेला, असा गुन्हा. लहानू जामिनावर सुटून आला होता आणि विचारेल त्याला एकच सांगत होता: मी बाभळीपाशीच होतो, तारेखाली दुसरी झेंडी होती. नागपूरहून चौकशीला मेश्राम नावाचे साहेब यायचे होते. त्या सकाळी धुऱ्यावर उभे असलेले शिकलेले साक्षीदार हे तिघेच, आणि त्यातही प्रोफेसर एकच. लहानू तुरुंगात जाणार की घरी राहणार हे प्रभाकररावांच्या तोंडून काय निघतं त्यावर ठरणार होतं. ही गोष्ट गावाला कळत होती, लहानूला कळत होती, आणि प्रभाकररावांना तर फारच कळत होती. जन्मभर त्यांनी मेलेल्यांवर निकाल दिले होते. जिवंत माणूस पहिल्यांदाच हाताशी आला होता.

"चालून पाहू," ते म्हणाले. "वावरातच. त्यालाही बोलवा. त्याच्यासमोर त्याचं खोटं दाखवतो."

"मी येत नाई," सदाशिवराव म्हणाले.

"का?"

"नाई येत." आणि त्यांनी छत्री उचलली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी प्रभाकरराव आणि रूपराव वावरात गेले. ऊन कलतं होतं, पण चटका होता. ज्वारीतला जळका पट्टा अजून काळा होता. तुटलेली तार बदलून नवी ओढली होती. लहानू धुऱ्यावर बसला होता. त्याच्याजवळ त्याची झेंडी होती, रूपरावांच्याच दुकानातल्या मांजरपाटाची.

"कुठे उभा होतास?" प्रभाकररावांनी विचारलं.

"बाभळीपाशी जी."

"आणि तारांखाली कोण होतं?"

"झेंडी होती."

"झेंडी कोणी धरली होती, ते विचारतोय."

लहानूने जरा विचार केला. "धरनारा नाई दिसला मले. मी लय पाह्यलं. झेंडीच दिसे. आदल्या दिवशी बी होती, पन मले वाटलं कंपनीनं नवा मानूस लावला असन. मी सरकलो का थे बी सरके."

"ऐकलंत?" प्रभाकरराव रूपरावांकडे वळले. "माणसाशिवाय झेंडी. कोर्टात हे सांगितलं तर न्यायाधीश खुर्चीतून पडेल. जा रे, बाभळीपाशी जाऊन उभा राहा. झेंडी वर धर आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस. खांबासारखा. ते तरी येतं ना?"

लहानूने झेंडी उचलली. तो धुऱ्याधुऱ्याने लांब वळसा घेऊन गेला, बाभळीपाशी उभा राहिला आणि त्याने झेंडी वर केली. ऊन प्रभाकररावांच्या पाठीमागून होतं. पांढरं कापड इतक्या दुरूनही लखलखीत दिसत होतं.

प्रभाकरराव विमान झाले. त्यांनी झेंडीवर नजर रोखली आणि पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून चालायला सुरुवात केली. रूपराव धुऱ्यावरून पाहत होते.

चालणं सोपं होतं. पऱ्हाटी कमरेला लागत होती, पायाखालची काळी माती वरून सुकली होती आणि आतून दबत होती. नियम म्हणजे नियम, ते खाली पाहत नव्हते. झेंडी समोर होती. थोडं चालल्यावर ती किंचित उजवीकडे झाली. हलला गाढव, त्यांच्या मनात आलं. सांगितलं होतं हलू नकोस. पण विमानाने बोलायचं नसतं. त्यांनी उजवा हात वर केला आणि ओळ बदलली.

झेंडी पुन्हा सरकली. त्यांनी पुन्हा ओळ बदलली. त्यांना बरंच वाटलं. याच्या या चुळबुळीनेच बेदी मेला, आता डोळ्यांदेखत सिद्ध होत होतं. उद्या मेश्राम साहेबांपुढे बसून हे कसं सांगायचं याची वाक्यंही त्यांच्या डोक्यात जुळायला लागली. मग झेंडी स्थिर झाली. अगदी सरळ. एवढी सरळ की तिचं कापडसुद्धा हलत नव्हतं.

औषधाचा वास आला. या वावरात अपघातापासून फवारणी झालेली नव्हती.

ते चालत राहिले. झेंडी जवळ आली होती. आता खाली धरणाऱ्याचा हात दिसायला हवा होता, डोकं दिसायला हवं होतं. बांबू पऱ्हाटीत उतरला होता आणि तिथे नुसती पऱ्हाटीच होती.

"सर!" मागून फार लांबून रूपरावांची हाक आली. "सर, कुठे चालले?"

त्यांनी मान फिरवली. रूपराव धुऱ्यावर एवढेसे दिसत होते. आणि डावीकडे, बऱ्याच अंतरावर, बाभळीपाशी लहानू उभा होता. झेंडी वर धरून, सांगितला होता तसा, जागचा न हललेला.

डोक्यावर तारा गुणगुणत होत्या.

"कोन हाये रे थो?" प्रभाकररावांच्या तोंडून निघून गेलं. ही त्यांच्या आईची बोली होती आणि ती त्यांनी कित्येक वर्षांत वापरलेली नव्हती. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं. समोर पऱ्हाटी होती, तिला पिवळी फुलं लागली होती, आणि बाकी काही नव्हतं.

परत धुऱ्यावर यायला त्यांना फार वेळ लागला. लहानू त्यांच्या आधीच पोचला होता. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली, दुसऱ्याचं दुःख पाहिल्यावर घालतात तशी.

"डोळ्यांवर ऊन आलं," प्रभाकरराव म्हणाले.

रूपरावांनी मागे वळून सूर्याकडे पाहिलं. "ऊन तं पाठीमागून होतं."

"मग उष्णता. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो. तुम्हाला समजणार नाही."

"तुम्ही दोनदा हात केला सर. कोणाले करून राह्यलते?"

प्रभाकररावांनी सायकलवर टांग टाकली.

मेश्राम साहेब आले त्या सकाळी लहानूची बायको तानाबाई प्रभाकररावांच्या घरी आली. ओटा चढली नाही. खाली उभी राहून म्हणाली, "सर, थे म्हनते का तुमाले बी दिसली."

"काय दिसलं?"

"थे तुमालेच मालूम. मी तं वावरात नोती. आमच्यासाठी खोटं सांगा असं नाई म्हनत मी. जे दिसलं तेवढंच सांगा. त्याहून जास्ती नको."

प्रभाकररावांना संताप आला. ही बाई त्यांना साक्ष कशी द्यावी ते शिकवत होती. त्याहून मोठा संताप याचा की ती बरोबर बोलत होती, आणि एवढं साधं सांगायला त्यांना भीती वाटत होती. "दिसायला तिथे आधी कोणीतरी असावं लागतं बाई," ते म्हणाले. "जा तू."

डाकबंगल्यात मेश्राम साहेब टेबलाशी बसले होते. माणूस शांत, बोलणं हळू. सदाशिवरावांना आधी विचारलं गेलं. "मी तेवढ्यात सायकलकडे पाहत होतो," ते म्हणाले आणि सबंध वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले. रूपरावांनी सांगितलं की दुर्बीण सरांकडे होती, सर सांगतील ते खरं.

"प्रोफेसर साहेब," मेश्राम म्हणाले, "त्या सकाळी लहानू कुठे होता?"

"तारांखाली असणार."

"असणार नको. दिसला का? माझ्यासमोर हा माणूस शपथेवर सांगतो की तिथे दुसरी झेंडी होती. मला स्वतःला ते पटत नाही. पण तो खोटं बोलतोय असंही वाटत नाही. तुम्ही विज्ञान शिकवता. तुम्ही काय ते स्पष्ट सांगा, मी तेच धरीन."

खिडकीपाशी लहानू उभा होता. तो विनवणी करत नव्हता. तो नुसता वाट पाहत होता, आणि तेच प्रभाकररावांना सहन होईना. सांगायचं म्हटलं तर वाक्य एवढंच होतं: मलाही दिसली. मग रूपराव बाजारभर सांगणार. कॉलेजात पोरं फळ्यावर झेंडी काढणार. पदार्थविज्ञानाच्या प्रोफेसरला बिनमाणसाची झेंडी दिसते म्हणून हमालसुद्धा हसणार. ज्या माणसांना त्यांनी आयुष्यभर गाढवात काढलं, त्यांच्या ओळीत जाऊन उभं राहायचं, आणि तेही कोणासाठी?

"तिथे दुसरं कोणी नव्हतं," ते म्हणाले.

"आणि लहानू? बाभळीपाशी?"

"बाभळीपाशी नव्हता. मी दुर्बिणीतून पाहिलं."

हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी विमान सोडून काहीच पाहिलं नव्हतं. पण मेश्राम साहेबांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं. कोर्टात प्रभाकररावांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा अधिक ठसक्यात, आणि लहानू आत गेला.

वर्षभर मंडळ नावालाच चाललं. सदाशिवराव दुकानाच्या बाजूला फिरकले नाहीत. रस्त्यात भेटले तर पलीकडच्या कडेला जात. रूपराव रविवारी चहा मागवायचे, विमानाचा विषय निघायचा आणि फाटे फुटत फुटत कुठून तरी तिथेच यायचा. प्रभाकरराव सूर्यकिरणं आणि तापलेली हवा समजावून सांगायचे. रूपराव ऐकून घ्यायचे. कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक खोटं बोलत असतानाही ऐकून घ्यावंच लागतं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अळी पडली आणि पुन्हा कंपनी आली. विमान तसंच पिवळं, कॅप्टन नवा, झेंडीवालेही नवे. तारांच्या कोपऱ्याकडे जायचं नाही, बाभळीच्या अलीकडचाच पट्टा फवारायचा, अशी या वेळी सक्त ताकीद होती. प्रभाकरराव पाहायला गेले. नाही गेलो तर लोक काय म्हणतील, म्हणून गेले. रूपराव सोबत होते, दुर्बीण घेऊन.

शिवाराच्या वाटेवर निंदणाला निघालेल्या बाया भेटल्या. त्यांत तानाबाई होती. हातात खुरपं, डोईवर पदर. ती वाटेतून बाजूला झाली नाही.

"थे अजून आतच हाये सर," ती म्हणाली.

"मी काय करू?"

"काई नका करू. तुमी कोर्टात सांगतलं, तिथं कोनी उभं नोतं. मंग एकदा तुमीच जाऊन उभे राहून पाहा ना. काऊन नाई जात? वर्साचं होऊन राह्यलं, तुमी त्या कोपऱ्यात पाय नाई टाकला म्हनते लोक."

बाकीच्या बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. रूपराव दुर्बिणीचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत होते.

"मूर्खपणा," प्रभाकरराव म्हणाले. "रूपराव, तुम्ही बाभळीपाशी थांबा. मी तारांखाली जाऊन हात वर करतो. तुम्हाला मी दिसेन. माणूस उभा असला की दिसतो, नसला की दिसत नाही, एवढंच शास्त्र आहे. आणि मग या विषयावर तुमच्या तोंडून शब्द नको."

ते वावरात शिरले. सकाळ कोवळी होती, दहिवराने पाटलोण गुडघ्यांपर्यंत भिजली. तारांखाली पोचल्यावर ते वळले. बाभूळ स्पष्ट दिसत होती. तिच्यापाशी रूपराव होते आणि शेजारी नवा झेंडीवाला, एक मध्यमवयीन माणूस, बांबूला टेकून उभा.

प्रभाकररावांनी हात वर केला.

रूपरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. ती प्रभाकररावांवर आली, त्यांच्यावरून पुढे गेली, तारांच्या खांबापर्यंत जाऊन परत आली आणि पुन्हा त्यांच्यावरून सरकत गेली.

आंधळा लेकाचा. त्यांनी हात हलवला.

रूपरावांनी दुर्बीण खाली घेतली, काचा सदऱ्याला पुसल्या आणि पुन्हा लावली.

"इकडे, रूपराव!" प्रभाकरराव ओरडले. आवाज चांगला खणखणीत निघाला. त्या दोघांपैकी कोणाचीही मान वळली नाही. बाभळीकडून बारीक वारा येत होता आणि त्यांचं बोलणं मात्र शब्दन् शब्द इकडे पोचत होतं.

"सर कुठे गेले?" रूपराव झेंडीवाल्याला विचारत होते. "आता तं तारेकडे गेलते."

पश्चिमेकडून इंजिनाचा आवाज आला. विमान धुऱ्यावरून खाली उतरलं. पिवळं नाक सरळ बाभळीच्या रोखाने होतं, हवं तिथेच.

हात खाली घ्यावा असं प्रभाकररावांना वाटलं. हात वरच राहिला.

पायही उचलेनात. दुखत काहीच नव्हतं. ते फक्त सरळ उभे होते, फार सरळ.

औषधाचा वास आला.

झेंडीवाल्याने डोळ्यांवर आडवा तळवा धरला आणि थेट प्रभाकररावांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माणूस कामाचा दिसत होता, नीट पाहणारा.

"तिथं कोनी नाई जी," तो म्हणाला.

मग त्याने बांबू सरळ केला आणि आपली झेंडी उंच धरली. विमान मात्र त्याच्याकडे आलं नाही. ते हळूच तारांकडे कललं.